एका पिशवीसाठी पनवेलपर्यंत

पनवेलला मी दोनदा निघाले आणि एकदाच पोहोचले.

पहिल्या वेळी नाशिकरोड यायच्या थोडं आधी फोन आला. पलीकडून एक तरुण म्हणाला, "ताई, आता येऊ नका." बोलायचं तेवढं बोलून तो थांबला, पण फोन बंद करायला विसरला. त्याच्या मागे कोणी बाई रडत होती. गळा काढून नव्हे, पदर तोंडात कोंबून, मधेमधे उचकी लागावी तशी. मी नाशिकरोडला उतरले, फलाटावर चहा घेतला आणि उलट्या गाडीने अकोल्याला परत आले. शेजारच्या काकूंना वाटलं, मी त्र्यंबकेश्वर करून आले. त्यांनी प्रसाद मागितला, तेव्हा मी दार लावून घेतलं.

दुसऱ्या वेळी, म्हणजे गेल्या हिवाळ्यात, त्याच घरातून त्याच तरुणाचा फोन आला. पहिल्या वेळी त्याची मेहुणी होती, संगीता. या वेळी त्याची बायको.

लोक काश्मीरला जातात, केरळला जातात. मी जिथून बोलावणं येईल तिथे जाते. माझा रक्तगट 'बॉम्बे'. सगळ्यांना चालतं अशी ज्याची ख्याती, ते 'ओ' रक्तसुद्धा आम्हाला चालत नाही. 'ओ'वाल्यांच्या रक्तपेशींवर जी एक साधी खूण असते, तीही आमच्या पेशींवर नसते. साध्या तपासणीत आम्ही 'ओ' म्हणून खपून जातो आणि रक्त चढवायची वेळ आली की पितळ उघडं पडतं. आम्हाला फक्त आमच्यासारख्याचंच रक्त लागतं, आणि आमच्यासारखे शोधायला कंदील घेऊन फिरावं लागतं. त्यामुळे सांगली, बेळगाव, सुरत ही गावं मी पाहिली आहेत, पण तिथली देवळं विचारू नका. कुठल्या रक्तपेढीत चहा बरा मिळतो, ते सांगते.

ही वारी मात्र शेवटची होती. पासष्ट पूर्ण झाली की आपल्याकडे रक्त घेत नाहीत, आणि माझी पासष्टी तोंडावर आली होती.

पनवेल

स्टेशनबाहेर नरेश उभा होता. तिशीचा, धिप्पाड, गळ्यात सोन्याची जाड साखळी. मला ओळखल्याबरोबर रिक्षांच्या गर्दीत वाकून त्याने माझे पाय धरले. दोन रिक्षावाले "कोन हाय रे?" म्हणून पाहायला आले, तर हा त्यांना म्हणाला, "आमची ताय हाय. लांबशी आली." आमच्याकडे अकोल्यात सख्खा भाचासुद्धा स्टेशनवर पाया पडत नाही, घरी गेल्यावर आठवण करून द्यावी लागते.

त्याने मला आधी हॉस्पिटलात नेलं. एसटी स्टँड, जुना बाजार, सुक्या मासळीचा तो उग्र दरवळ, आणि त्याला लागूनच मोबाइलची चकचकीत दुकानं. मासळीच्या वासाने मी नाक दाबलं, तेव्हा नरेश हसला. "संध्याकाली हेच खाशाल तुमी," म्हणाला.

त्याची बायको कविता खिडकीजवळच्या खाटेवर होती. कामोठ्यात ती नववी-दहावीचे क्लास घेते, आणि खाटेवर पडल्यापडल्या मुलांच्या उत्तरपत्रिका तपासत होती. तिची वार खाली सरकून बाळाच्या वाटेवर आलेली. नैसर्गिक बाळंतपण शक्य नाही, ऑपरेशन करावंच लागणार, आणि त्यात रक्त जाणार हे ठरलेलं. डॉक्टर नीलोफर, चष्म्यावरून पाहणाऱ्या शांत बाई, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "निदान एक पिशवी हातात असल्याशिवाय मी हिला टेबलावर घेणार नाही. आणि फार थांबूही शकत नाही. हिच्या बहिणीच्या वेळी काय झालं, ते मला ठाऊक आहे."

संगीताचं बाळंतपण दुसऱ्या हॉस्पिटलात होतं. 'ओ' म्हणून रक्त मागवलं, ते जुळेना. का जुळत नाही हे कळेपर्यंत उशीर झाला, आणि कळल्यावर मला बोलावलं, तर मी रेल्वेत असतानाच ती गेली.

कविताने उत्तरपत्रिका मिटली. "मॅडम, एक विचारू? मी नेटवर वाचलंय, आर्टिफिशियल ब्लडची कुठेतरी ट्रायल चालू आहे म्हणे. नरेश सांगत होता, तुम्ही त्याच फील्डमध्ये होतात."

"होते."

"मग अजून का नाही आलं ते?"

असा सरळ प्रश्न मला आजवर कुणी केला नव्हता. सेमिनारमध्ये लोक आडून विचारतात.

मी तिला सांगितलं. रक्ताचं सगळ्यात मोठं काम हमालीचं. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि अंगभर पोचवायचा. ती हमाली करतं हिमोग्लोबिन. ते बसलेलं असतं तांबड्या पेशीच्या पोटात, आणि गटाची भानगड असते पेशीच्या सालीवर. मग पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत आम्ही म्हटलं, सालच काढून टाकू. मुदत उलटलेलं रक्त घ्यायचं, पेशी फोडायच्या, साली गाळून टाकायच्या. खाली उरेल तो हिमोग्लोबिनचा लाल द्राव. ना गट, ना जुळणी. कपाटात ठेवा, हवा तेव्हा कुणालाही द्या. मी तिशीत होते. मला वाटत होतं, मी स्वतःसाठीच औषध बनवतेय, आणि माझ्यासारख्या सगळ्यांसाठी.

"आमचा एक ससा होता," मी म्हणाले. "त्याचं बहुतेक रक्त काढून आम्ही त्याच्यात हा द्राव भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर बेटा कोबी खात बसलेला, कान गुलाबी. आम्ही पेढे वाटले."

"मग?"

"मग त्याचा रक्तदाब चढत गेला. पेशीबाहेर पडलेलं हिमोग्लोबिन फार उनाड असतं. मोकळं सोडलं तर तुटून मूत्रपिंडात जाऊन बसतं. साखळीने बांधून ठेवलं, तर रक्तवाहिन्यांना सैल ठेवणारा जो वायू शरीर स्वतः बनवतं, तो हे गिळून टाकतं. वाहिन्या आखडतात, हृदयावर ताण येतो. ससा गेला. त्याच्यानंतरचेही गेले."

दुसऱ्यांनी गाईचं रक्त वापरून पाहिलं. कुणी दुधासारखा पांढरा द्राव केला, त्याला प्राणवायूचा मुखवटा सतत लावून ठेवावा लागे. कुणी समुद्रकाठच्या गाळातल्या किड्याच्या रक्तात ते शोधलं. आता नवी पोरं हिमोग्लोबिनला पुन्हा एका बारीक कृत्रिम पिशवीत भरताहेत. आम्ही जी साल फाडली, तीच ते शिवताहेत, आणि बहुधा त्यांचंच बरोबर आहे. आमचा पैसा आटला, प्रयोगशाळा बंद झाली, पिंजरे भंगारात गेले. मी अकोल्याला येऊन कॉलेजात शिकवायला लागले. याचं मला वाईट वाटतं. निवृत्तीच्या भाषणात मी 'समाधानी आहे' म्हणाले होते, ते खोटं होतं.

कविताने पोटावर हात ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे माझ्यासाठी बाटली नाही, तुम्ही आलात."

बेलपाडा

खारघरच्या उंच इमारती संपता संपता मधेच एक गल्ली वळते आणि तुम्ही गावात येता. बेलपाडा मूळचं गाव, शहर त्याच्या भोवताली नंतर उगवलं. नरेशचं घर तीन मजली, निळ्या टाइल्सचं. अंगणात तुळस, दाराशी मोठी गाडी, आणि ओट्यावर सुकत घातलेला जवळा. तो झिंग्याहून बारीक, मुठीत शंभर मावतील असा.

घरात सत्ता आत्याची. हिराबाई त्यांचं नाव, पण सगळी गल्ली आत्याच म्हणते. त्या नरेशची आई, आणि संगीता-कविताच्या वडिलांची सख्खी बहीण. भावाची लेक त्यांनी सून करून आणली होती. वय पंचावन्नच्या आसपास, काष्ट्याचं लुगडं, हिरव्या बांगड्या, आवाज असा की मिठागरावर एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक मारलेली कळावी. तरुणपणी त्या मिठागरातच राबल्या होत्या.

मला त्यांनी पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. मी उठले की "बस, बाय", मी वाकले की "नको, बाय". गरोदर त्यांची सून होती, पण डोहाळे माझे पुरवले जात होते. जेवायला तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी आणि निवट्यांचं कालवण. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा बोटभर मासा, मोठाल्या डोळ्यांचा. आमच्याकडे मासा म्हणजे धरणातला रोहू, तोही पाहुणा असेल तर. मी त्या निवट्याकडे पाहत राहिले आणि तो माझ्याकडे.

"डोलं नको बगू, खा," आत्या म्हणाल्या. "तुजा रगत आमाला पायजेल हाय."

वऱ्हाडी माणूस तिखटाला भीत नाही, असा माझा समज होता. दुसऱ्या घासाला नाकडोळे वाहायला लागले. आत्यांनी ताटात आणखी कालवण ओतलं.

भिंतीवर संगीताचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. आत्या येता-जाता त्याच्यावरून पदर फिरवत, धूळ नसतानाही.

जेवण झाल्यावर ओट्यावर भाऊकी जमली. काका, चुलतभाऊ, मेहुणे. एकेकाने मला हात दाखवला, तपासणीला रक्त काढलं ती जागा. "आमी सगल्यांनी दिला, ताय. एकाचा पन नाय जुलला," नरेशचे मोठे काका म्हणाले. तुम्ही ही माणसं पाहायला हवी होती. त्यांच्यापैकी कुणीही रक्ताची बादली भरून द्यायला तयार होता. मला त्यांचं फार कौतुक वाटलं. आत बायका भांडी घासत होत्या, त्यांच्याकडे माझं लक्ष गेलं नाही. माझ्यासारखीचं जायला हवं होतं.

कामोठे

रक्तपेढी कामोठ्यात होती, क्लासच्या पाट्या आणि केकच्या दुकानांच्या मधे पहिल्या मजल्यावर. आम्ही सकाळी गेलो. सगळी भाऊकी दोन गाड्या भरून बरोबर. आत्यांनी डिंकाच्या लाडवांचा डबा घेतला होता, रक्त दिल्यावर मला खायला. त्या बाहेरच्या बाकड्यावर डबा मांडीवर घेऊन बसल्या.

आत एका मुलीने माझं बोट टोचलं आणि थेंब निळ्या पाण्यात सोडला. मोरचुदाचं पाणी ते. रक्तात हिमोग्लोबिन पुरेसं असेल तर थेंब बुडतो. मी हा थेंब आयुष्यात कितीदा बुडताना पाहिला असेल, मला पाहायची गरजही वाटत नसे.

थेंब तरंगला.

"परत करा," मी म्हणाले. तिने दुसरं बोट टोचलं. तोही तरंगला. मग यंत्रावर घेतलं. निदान साडेबारा लागतं, माझं धड अकरासुद्धा नव्हतं. दिवाळीनंतर मला ताप येऊन गेला होता, जेवण तुटलं होतं. उन्हाळ्यातला रिपोर्ट चांगला होता, त्याच्या भरवशावर मी निघाले होते. मुलगी ओशाळून म्हणाली, "मॅडम, दोन-तीन महिने गोळ्या घ्या, मग या." तीन महिन्यांनी मी पासष्टीपार. हिमोग्लोबिनवर उभी हयात घालवलेली बाई, हिमोग्लोबिन कमी म्हणून खुर्चीवरून उठवली गेली. मला हसू यायला हवं होतं.

डॉक्टर नीलोफर फोनवर एवढंच म्हणाल्या, "अच्छा. मग सुरतेला विचारते. पण तिथले डोनर गेल्याच महिन्यात देऊन बसलेत." नरेश जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. काकांनी टोपी काढून हातात घेतली.

मी बाहेर येऊन आत्यांच्या शेजारी बसले. त्यांनी डब्याचं झाकण उघडलं.

"दिला? खा आता."

"नाही घेतलं माझं. माझ्यातच कमी आहे."

त्यांनी झाकण परत लावलं, हळूच, आवाज न करता. आणि मग मी सहज विचारायचं म्हणून विचारलं. म्हणजे खरं तर काहीतरी बोलायला हवं म्हणून. "आत्या, तुमचा गट कोणता?"

"मना काय म्हाइत?"

"तपासणीत काय आलं होतं?"

"माजा कदी तपासला?"

मी नरेशकडे पाहिलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरातल्या सगळ्यांना पाठवा. सगळ्यांना. नरेश गोंधळून म्हणाला, "ताय, आमच्यात बायांचा रगत नाय काढीत. तेंचा आदीच जातंय ना. बालंतपनात, मयन्याला. मानूस हाय तवर बाईचा कशाला?" त्यात मगरुरी नव्हती. मायाच होती, आणि म्हणूनच आजवर कुणाला त्यात काही चुकीचं दिसलं नव्हतं. गल्लीतला एकूणएक गडी हात पुढे करून गेला होता. बायका डबे घेऊन बाकड्यावर.

मी जिला विचारायला हवं होतं, ती मुलींच्या बापाची सख्खी बहीण होती. हा गट रक्ताच्या नात्यातून उतरतो, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले आहे.

आत्या उठल्या. डबा काकांच्या हातात दिला. "चल, खय काडतान ते दाव."

त्यांचा थेंब टाकल्याबरोबर तळाला गेला. मिठागर आणि निवट्या. गटाची तपासणी दोनदा केली, मग एक जादा तपासणी. मुलगी आतून आली ती पळतच. "मॅडम, बॉम्बे."

कुणीतरी जिन्यात शिट्टी मारली. नरेशने रिकाम्या भिंतीला नमस्कार केला. आत्या खुर्चीवर निजल्या तशा छताकडे पाहत होत्या. पिशवी भरत होती, मागे-पुढे हलत. मी त्यांच्या डोक्याशी उभी होते, त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. सुईला भ्यायल्या असतील असं मला वाटलं.

सुई निघाली. मुलीने फळांच्या रसाचं खोकं हातात दिलं. आत्या ते धरून बसल्या आणि एकदम म्हणाल्या, "संगीच्या येलेला मी थयच व्हती. भायेर बाकड्याव. सकालशी बसलेली. मना कोनी इचारलाच नाय."

आणि त्यांनी पदर तोंडात कोंबला. त्या रडायला लागल्या, मधेमधे उचकी लागावी तशा. तो आवाज मी ओळखला.

पुन्हा पनवेल

जवळच्या नात्यातलं रक्त तसंच चढवत नाहीत, त्यावर किरणांची प्रक्रिया करून घ्यावी लागते. म्हणून पिशवी मुंबईला जाऊन आली. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर नीलोफर मास्क खाली ओढत बाहेर आल्या. "मुलगी. दोघी ठीक. पिशवी लागली, पूर्ण लागली." आणि मग मला एकटीला, "नसती, तर..."

कविताला पाहायला मी संध्याकाळी गेले. ती फिकट पडली होती, पण शुद्धीवर होती. सलाइनच्या स्टँडला रिकामी पिशवी अजून तशीच होती. "मॅडम, हिचा गट?" तिने बाळाकडे डोळ्यांनी खूण केली. मी खरं तेच सांगितलं. हा गट दोन्हीकडून उतरावा लागतो. आईकडून आलाय, बाप आत्यांचा लेक, त्याच्याकडून येण्याची शक्यता निम्मी. थोडी मोठी झाली की तपासून घ्या, 'ओ' आला तर जादा तपासणी मागा.

"तोपर्यंत ती बाटली येईल ना?"

"यायला हवी," मी म्हणाले. सशाच्या वेळीही मी हेच म्हणत असे.

निघायच्या सकाळी बेलपाड्याच्या ओट्यावर गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. सासवा, सुना, कॉलेजच्या पोरी. रक्तपेढीची तीच मुलगी सामान घेऊन आली होती, आणि आत्या एकेकीला दंडाला धरून तिच्यापुढे बसवत होत्या. "भितंस काय गो? मी दिला, मेली का?" पुरुष अंगणात उभे होते, काय करावं ते न कळून. नंतर कळवलं त्यांनी, आत्यांच्या धाकट्या बहिणीच्या मुलीचा गटही तोच निघाला.

स्टेशनवर आत्या स्वतः आल्या. डिंकाच्या लाडवांचा तोच डबा माझ्या पिशवीत घातला. "तुजी ती बाटली कर गो बाय लवकर."

"आता माझ्याच्याने नाही होणार, आत्या."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं, आणि पटलं याचं मला वाईट वाटलं. कुणी खोटं म्हणायला हवं होतं, की होईल, होईल.

गाडी नाशिकरोडला थांबली तेव्हा मी फलाटावर उतरून चहा घेतला. टपरी तीच. मागल्या वेळेपासून मी स्वतःला एक गोष्ट सांगत आले होते, की आदल्या दिवशीची गाडी धरली असती तर संगीता वाचली असती. त्याच्याही आधीची एक गोष्ट होती, की आमचा ससा जगला असता तर कुणालाच गाडी धरावी लागली नसती. दोन्ही गोष्टी मला तोंडपाठ आहेत.

तिसरी आता कळली. जे रक्त घेऊन मी धावत होते, ते तिथे आधीपासून होतं. ऑपरेशनच्या दाराबाहेर, बाकड्यावर. इथेच, याच फलाटाच्या अलीकडे, मला ते फोनमधून रडताना ऐकू आलं होतं.